उंदराच्या लिव्हरमध्ये नॅनो कण सापडले, मग आपण किती घाबरायचं?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' आणि खालच्या भाजीवाल्याचा भोंगा काढून टाकलाय, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी ठेवा, कारण आजचा विषय डोकं खाणारा आहे.

सुरुवात आमच्या फॅमिली ग्रुपपासून करतो. गेल्या महिन्यात तिथे एक फॉरवर्ड आला. "नॅनो कणांमुळे उंदरांचं लिव्हर, किडनी, मेंदू सगळं खराब झालं, सनस्क्रीन ताबडतोब फेका." मामीने खरंच फेकलं. साडेचारशे रुपयांची ट्यूब, अर्धी भरलेली. त्यावर दोन दिवस ग्रुपवर चेष्टा चालली.

तिसऱ्या दिवशी रात्री मामेभावाचा फोन आला. तो एमआयडीसीतल्या एका छोट्या रंगाच्या युनिटमध्ये काम करतो. म्हणाला, "दादा, त्या मेसेजमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड लिहिलंय ना? मी रोज त्याच्याच गोण्या फोडतो. पांढरी पावडर. संध्याकाळी नाक शिंकरलं की पांढरं निघतं. माझं काय?"

चेष्टा तिथेच संपली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कोड लिहितो, डॉक्टर नाही. पण पुढचे तीन आठवडे ऑफिसनंतर बसून पेपर वाचले. हा भाग म्हणजे त्याला दिलेलं उत्तर आहे. तुम्हीही ऐका.

नॅनो म्हणजे नक्की किती?

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान एखादी तरी बाजू असलेल्या पदार्थाला सर्वसाधारणपणे नॅनोमटेरियल म्हणतात.

पण "खूप बारीक" एवढ्यावर गोष्ट संपत नाही. खरा मुद्दा पृष्ठभागाचा आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या, लुडोच्या फाशापेक्षा थोडा लहान. त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ मिळून ६ चौरस सेंटिमीटर. आता तोच घन कापत कापत एक-एक नॅनोमीटरचे तुकडे केले, तर सगळ्या तुकड्यांचं मिळून क्षेत्रफळ होतं ६,००० चौरस मीटर. म्हणजे जवळपास दीड एकर. ५९ गुंठे! माल तेवढाच, वजन तेवढंच, पण शरीरातल्या पेशींशी आणि आम्लाशी रिअ‍ॅक्शन करायला दीड एकर जागा उघडी पडली.

म्हणूनच "हा पदार्थ तर शंभर वर्षं वापरात आहे, सुरक्षित आहे" हे वाक्य नॅनोच्या बाबतीत आपोआप लागू होत नाही.

तांब्याची गोष्ट

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चिनी प्रयोगात. संशोधकांनी छोट्या उंदरांना, म्हणजे माउसना, तोंडावाटे तांबं दिलं. तीन प्रकारांत. एक, साधी बारीक पावडर, कण १७ मायक्रोमीटरचे. दोन, नॅनो पावडर, कण साडेतेवीस नॅनोमीटरचे. तीन, विरघळलेलं तांबं, म्हणजे आयन.

अशा प्रयोगात एक आकडा काढतात, एलडी ५०. ज्या डोसला निम्मे प्राणी मरतात तो डोस. आकडा जितका लहान तितकं विष जास्त. साध्या पावडरीचा आकडा आला किलोमागे ५,००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त, म्हणजे जवळपास निरुपद्रवी. विरघळलेल्या तांब्याचा आला ११०. आणि नॅनो तांब्याचा? ४१३. धातू तोच, फक्त कण लहान केले, तर "जवळपास निरुपद्रवी" वरून थेट विरघळलेल्या तांब्याच्या बाजूला जाऊन बसला. नॅनो तांबं दिलेल्या उंदरांच्या किडनी, लिव्हर आणि प्लीहेला जबर इजा झाली होती. साधी पावडर खाल्लेल्यांना तसं काही झालं नाही.

का? जठरात आम्ल असतं. मोठा कण त्यात हळूहळू विरघळतो आणि बराचसा तसाच बाहेर पडतो. नॅनो कणाला तो दीड एकर पृष्ठभाग आहे, त्यामुळे आम्लाशी झपाट्याने रिअ‍ॅक्शन होते. एकीकडे आम्ल खर्च होऊन शरीराचं आम्ल-अल्कली गणित बिघडतं, दुसरीकडे तांब्याच्या आयनांचा लोंढा तयार होतो. हा लोंढा निस्तरायचं काम शेवटी किडनीकडे येतं, आणि ती कोलमडते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. नॅनो कण एकाच पद्धतीने त्रास देत नाहीत. काही विरघळून आयन सोडतात: तांबं, जस्त, चांदी. काही अजिबात विरघळत नाहीत आणि नुसते साचून राहतात: टायटॅनियम डायऑक्साइड, कार्बन. काही पेशीत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार करतात, ज्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. त्यातून सूज येते आणि कधी डीएनएलाही धक्का पोचतो.

लिव्हर, म्हणजे शरीराचा टोलनाका

नॅनो कण रक्तात शिरले की कुठे जातात? बहुतेक लिव्हरमध्ये, मग प्लीहेत. लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर कुप्फर नावाच्या पेशी बसलेल्या असतात. रक्तातून आलेली परकी वस्तू पकडून गिळणं हेच त्यांचं काम.

हा टोलनाका किती कडक आहे याचा अंदाज कॅन्सरच्या संशोधनातून येतो. गाठीपर्यंत औषध पोचवायला नॅनो कण बनवतात. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांचे असे प्रयोग एकत्र तपासले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला: इंजेक्शनने दिलेल्या कणांपैकी गाठीत पोचतात ते मध्यक काढला तर फक्त ०.७ टक्के. बाकीच्यांतला मोठा वाटा वाटेतच अडवला जातो.

चांदीचं उदाहरण घेऊ, कारण "नॅनो सिल्व्हर" मोज्यांपासून ते ऑनलाइन मिळणाऱ्या थेंबांपर्यंत सगळीकडे आहे. २००८ मध्ये कोरियन संशोधकांनी रॅटना २८ दिवस तोंडावाटे नॅनो चांदी दिली, किलोमागे ३०, ३०० आणि १,००० मिलिग्रॅम. ३०० च्या वर लिव्हरला थोडी इजा झाल्याच्या खुणा रक्ताच्या तपासणीत दिसल्या. आणखी एक विचित्र गोष्ट दिसली: माद्यांच्या किडनीत नरांच्या साधारण दुप्पट चांदी साचली होती.

किडनीचा स्वतःचा एक नियम आहे. २००७ च्या एका प्रयोगात रॅटना वेगवेगळ्या आकाराचे क्वांटम डॉट टोचून पाहिलं, तेव्हा साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण लघवीतून चटकन बाहेर पडले. मोठे अडकले. म्हणजे शरीराच्या चाळणीला भोकाचा आकार आहे. त्यातून न जाणारे आणि न विरघळणारे कण लिव्हरमध्ये महिनोन्‌महिने मुक्काम करू शकतात.

फुप्फुस: इथे थांबून ऐका

भावाचा प्रश्न इथला आहे, म्हणून इथे जास्त वेळ घेतोय.

फुप्फुसाच्या अगदी आतल्या हवेच्या पिशव्यांमध्ये सफाई कामगार असतात, मॅक्रोफेज. धुळीचा कण आला की तो गिळायचा आणि वर ढकलायचा. ही यंत्रणा दोन प्रकारे फसते.

पहिला प्रकार: कचऱ्याचा आकारच विचित्र. कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या. १९९१ मध्ये सुमिओ इइजिमा यांच्या पेपरमुळे त्या जगभर गाजल्या. २००८ मध्ये एडिंबराच्या केन डोनाल्डसन यांच्या गटाने या नळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत टोचल्या. पोटातच का? कारण त्या पोकळीचं अस्तर फुप्फुसाभोवतीच्या अस्तरासारखंच असतं, आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कॅन्सर त्याच अस्तराला होतो. निकाल असा: लांब, ताठ नळ्यांनी अ‍ॅस्बेस्टॉससारखीच सूज आणि गाठी तयार केल्या. आखूड किंवा लोकरीच्या गुंड्यासारख्या गुंतलेल्या नळ्यांनी तसं केलं नाही. कार्बन दोन्हीकडे तोच! लांब काडी मॅक्रोफेजला पूर्ण गिळता येत नाही, ती अर्धी आत, अर्धी बाहेर राहते आणि पेशी चिडून आपलीच रसायनं आजूबाजूला सांडत राहते.

पुढे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, आयएआरसीने, या नळ्यांच्या एमडब्ल्यूसीएनटी-७ नावाच्या एका विशिष्ट प्रकाराला "माणसात कॅन्सर होण्याची शक्यता" या २बी गटात टाकलं. बाकीच्या नळ्यांबद्दल ठरवायला पुरेसा पुरावा नाही असं म्हटलं. म्हणजे एकाच नावाच्या दोन मालांचे निकाल वेगळे.

दुसरा प्रकार: कचराच जास्त. टायटॅनियम डायऑक्साइड गोल-गोल, शांत पदार्थ. पण १९८५ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात रॅटना दोन वर्षं घनमीटरमागे २५० मिलिग्रॅम इतक्या दाट धुळीत ठेवलं, तेव्हा फुप्फुसात गाठी झाल्या. १९९५ मध्ये अतिसूक्ष्म कण वापरले, तेव्हा घनमीटरमागे साधारण १० मिलिग्रॅमलाच गाठी दिसल्या. कण लहान, तर कमी धूळही पुरली.

आता ट्विस्ट. १९९५ च्याच संशोधनात माउसमध्ये अशा गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत. २००४ मध्ये रॅट, माउस आणि हॅमस्टर तिघांना १३ आठवडे तीच अतिसूक्ष्म पावडर हुंगायला दिली, तेव्हा हॅमस्टरचं फुप्फुस सगळ्यात चांगलं साफ झालं आणि रॅटचं सगळ्यात जास्त सुजलं. मराठीत आपण रॅट आणि माउस दोघांनाही उंदीरच म्हणतो, त्यामुळे बातमीत हा फरक पार पुसला जातो. पण निकाल प्राण्यावर ठरतो.

मग माणूस यातला कोण? यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. म्हणून आयएआरसीने टायटॅनियम डायऑक्साइड २बी मध्ये ठेवलं: प्राण्यांत पुरावा पुरेसा, माणसांत अपुरा.

नाकातून थेट मेंदूत?

हा प्रयोग वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात २००६ मध्ये रॅटना मँगनीज ऑक्साइडचे सुमारे ३० नॅनोमीटरचे कण हुंगायला दिले. मेंदूच्या पुढच्या टोकाला वास ओळखणारा भाग असतो, घाणेंद्रिय कंद. १२ दिवसांनी तिथलं मँगनीज साडेतीनपट झालं होतं.

पण ते रक्तातून आलं की नाकातून? हे शोधायला त्यांनी काय केलं असेल? काही रॅटची उजवी नाकपुडी बंद केली. मँगनीज फक्त डाव्या बाजूच्या कंदात सापडलं. म्हणजे कण वासाच्या नसेवरून सरकत गेले होते. आम्ही बग शोधताना एक वायर काढून बघतो ना, अगदी तसं.

आता ब्रेक लावा. रॅटच्या नाकाच्या आतल्या अस्तराचा जवळपास निम्मा भाग वास घेण्यासाठी असतो, आपला जेमतेम पाच टक्के. शिवाय रॅट नाकानेच श्वास घेतो. त्यामुळे आकडा जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. पण रस्ता अस्तित्वात आहे, हे मात्र सिद्ध झालं.

फॉरवर्ड आला की चार प्रश्न विचारा

आमच्या कामात टेस्ट सर्व्हर असतो आणि लोक वापरतात तो प्रॉडक्शन सर्व्हर असतो. टेस्टवर काही फुटलं तर दुर्लक्ष करायचं नाही. पण टेस्टवर आपण मुद्दाम शंभरपट लोड टाकलेला असतो, हेही विसरायचं नाही. प्राण्यांवरचे प्रयोग असेच वाचावे लागतात.

एक, कण आत गेला कसा? टोचला, खाल्ला, हुंगला की कातडीला लावला? टोचलेल्या कणाला एकही दार ओलांडावं लागत नाही.

दोन, डोस किती? त्या चांदीच्या प्रयोगातले ३०० मिलिग्रॅम ६० किलोच्या माणसाला सरळ लावले तर रोज १८ ग्रॅम होतात, दीड तोळा चांदी! रॅटवरून माणसाचा डोस काढताना सहसा सहाने भागतात, तरीही रोज तीन ग्रॅम. मोज्यातून एवढी चांदी पोटात जात नाही.

तीन, प्राणी कोणता आणि किती दिवस?

चार, कण नक्की कोणता? आकार, लांबी, वरचं कोटिंग. नुसतं "नॅनो" म्हणणं म्हणजे नुसतं "गाडी" म्हणणं. लुना पण गाडी आणि दहा चाकी ट्रक पण गाडीच.

आता मामीचं सनस्क्रीन. त्यातल्या टायटॅनियम आणि झिंक ऑक्साइडच्या कणांचे प्रयोग सांगतात की धडधाकट कातडीवर ते वरच्या मृत पेशींच्या थरातच राहतात. क्रीम लावायला हरकत नाही. मात्र स्प्रे आणि उडणारी पावडर हा वेगळा मामला. युरोपच्या वैज्ञानिक समितीनेही फुप्फुसात जाऊ शकेल अशा स्प्रेसाठी नॅनो टायटॅनियम डायऑक्साइड नको असं सांगितलंय.

खाण्यातलं काय? पांढरेपणासाठी हाच पदार्थ काही गोळ्या-च्युइंगममध्ये घालतात. पाकिटाच्या मागे आयएनएस १७१ किंवा ई १७१ दिसेल. फ्रान्सने तो २०२० पासून खाद्यपदार्थांत बंद केला. २०२१ मध्ये युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने म्हटलं की डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि २०२२ मध्ये पूर्ण युरोपियन युनियनमध्ये बंदी आली. तीच माहिती बघून ब्रिटन आणि कॅनडाने बंदी घातली नाही. म्हणजे "धोका सिद्ध झाला" असं नाही, "शंका फिटली नाही" असं. नुसत्या पांढऱ्या रंगासाठी ही शंका पोटात घ्यायची का, हे तुम्ही ठरवा. मी ते च्युइंगम सोडलं.

आणि नॅनो म्हणजे फक्त संकटही नाही. कोविडच्या एमआरएनए लशी चरबीच्या नॅनो कणांत गुंडाळलेल्या होत्या. लिव्हर कण पकडतं ना? २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं पॅटिसिरान हे औषध त्याच खोडीचा फायदा घेऊन थेट लिव्हरच्या पेशीत पोचतं. हे सगळं कळलं ते प्राण्यांवरच्या प्रयोगांतून. त्या हजारो उंदरांची किंमत आहेच, म्हणून तर १९५९ पासून "पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा" हे तत्त्व मांडलं गेलंय. निदान त्यांच्या निकालाचा चुकीचा फॉरवर्ड तरी करू नये.

भावाला काय सांगितलं

आता मूळ प्रश्न. मी त्याला म्हटलं, बघ, रंगासाठीची टायटॅनियम पावडर साधारण २०० ते ३०० नॅनोमीटरची असते. म्हणजे बहुतेक कण काटेकोर अर्थाने नॅनो नाहीत. घाबरून नोकरी सोडू नकोस. पण त्या फॉरवर्डने ज्यांना घाबरवायला हवं होतं, ते सनस्क्रीन लावणारे नव्हते, तुम्ही होता. कारण कोरडी पावडर रोज, तासन्‌तास, वर्षानुवर्षं हुंगणारे तुम्हीच.

अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेने २०११ मध्ये कामगारांसाठी मर्यादा सुचवली: या पावडरीच्या साध्या बारीक धुळीसाठी घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म धुळीसाठी ०.३. आठपट कडक. कार्बन नॅनोट्यूबसाठी तर एक मायक्रोग्रॅम. या आकड्यांमागे रॅटवरचेच प्रयोग आहेत. म्हणजे त्या उंदरांनी दिलेली माहिती सगळ्यात आधी कामगाराच्या उपयोगाची आहे, आणि तीच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मग करायचं काय? रुमाल बांधून उपयोग नाही, तो बारीक धूळ अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन ९५ लागतो. लोकांना वाटतं नॅनो कण त्यातून सुटत असतील. उलट आहे. अगदी लहान कण सरळ जात नाहीत, हवेत वेडेवाकडे धडपडत जातात आणि तंतूंना आपटून चिकटतात. पण कडेने फट राहिली किंवा दाढी मध्ये आली की सगळं फुकट. गोणी उंचावरून ओतायची नाही. सांडलेली पावडर झाडूने किंवा हवेच्या पाइपने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. धूळ ओढून घेणारा पंखा ओतण्याच्या जागेजवळच हवा. जेवायच्या आधी हात-तोंड धुवायचं आणि कामाचे कपडे घरी आणून लेकराच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

आणि हे सगळं कामगाराने स्वतःच्या खिशातून करायचं नसतं. १९४८ च्या कारखाने कायद्यात धूळ आणि धुरासाठी वेगळं कलम लिहिलं गेलं, कलम १४. धूळ बाहेर काढणं ही मालकाची जबाबदारी. मास्क ही शेवटची पायरी, पहिली नाही.

भावाने सुपरवायझरला विचारलं. उत्तर आलं, "इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही." मग त्याने आणि तिघांनी मिळून पिशवीवरची सुरक्षा माहिती मोबाइलवर काढली, वाचून दाखवली आणि लेखी मागणी दिली. परवा त्याचा मेसेज आला: मास्कचा एक खोका आलाय, पंख्याचं "बघू" म्हणालेत. आणि खाली लिहिलं होतं, "दादा, पंखा येईपर्यंत विचारत राहणार."

तुमच्या घरातही कुणी रंग, सिमेंट, वेल्डिंग, टायर, थ्रीडी प्रिंटिंगच्या धुळीत काम करत असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. फॅमिली ग्रुपवर नको, थेट त्यांच्या नंबरवर. आणि त्यांना विचारा, संध्याकाळी नाक शिंकरलं की काय निघतं.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.